अन्न सुरक्षा यंत्रणेत आयटीचा कार्यभार हाती आला? सुरुवात नमुन्याच्या बाटलीपासून करा

सरकारी अन्न सुरक्षा यंत्रणेत माहिती तंत्रज्ञानाचा कार्यभार हाती आला की पहिल्या आठवड्यात येणाऱ्या तक्रारी कुठल्याही कार्यालयातल्यासारख्याच असतात. प्रिंटर चालत नाही, पासवर्ड विसरलो, पोर्टल उघडत नाही. त्या सोडवायच्याच. पण त्यांतच अडकलात तर वर्षभराने लक्षात येईल की मुख्य काम बाजूलाच राहिलं. ते मुख्य काम असं: कुठून तरी घेतलेला नमुना, त्याचा अहवाल आणि त्यावरून घेतलेला निर्णय, या तिघांना जोडणारा धागा कुठेही तुटू द्यायचा नाही. तो तुटला की चांगला माल अडकून पडतो, दूषित माल लोकांच्या ताटात जातो, किंवा न्यायालयात प्रकरण उभंच राहत नाही.

२०११ साली जर्मनीत ई. कोलाय ओ१०४:एच४ या जिवाणूची साथ आली. ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले. सुरुवातीला संशय स्पेनहून आलेल्या काकड्यांवर गेला आणि तो चुकीचा निघाला. आजारी पडलेले लोक कुठे जेवले, तिथे माल कोणी पुरवला, त्या पुरवठादाराने कोणाकडून घेतला, हे कागद एकमेकांशी जुळवत तपास करणारे मोड आलेल्या मेथीपर्यंत पोचले आणि तिथून इजिप्तहून आलेल्या बियाण्यांच्या खेपेपर्यंत. माझ्या मते या क्षेत्रातल्या प्रत्येक आयटी अधिकाऱ्याने हे प्रकरण सुरुवातीलाच समजून घ्यावं. प्रयोगशाळेचं काम जितकं मोलाचं, तितकंच पुरवठ्याच्या नोंदी जुळवण्याचंही होतं, आणि त्या नोंदी एकसारख्या आणि चटकन शोधता येतील अशा ठेवणं ही आता तुमची जबाबदारी आहे.

पायरी १: दोन आठवडे नमुन्यामागे फिरा

सर्व्हर रूममध्ये जाण्याआधी निरीक्षकांबरोबर तपासणीला जा. एखादा नमुना घेतला जाण्यापासून फाईल बंद होईपर्यंत त्याच्या मागे राहा आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट वहीत लिहा: ही माहिती इथे पहिल्यांदा लिहिली जाते आहे, की आधी लिहिलेलीच पुन्हा उतरवली जाते आहे? जिथे पुन्हा उतरवली जाते, तिथे चूक शिरते. आस्थापनेचं नाव तपासणीच्या अर्जावर, मग पाकिटावर, मग प्रयोगशाळेच्या आवक रजिस्टरमध्ये, मग संगणकात असं चार वेळा लिहिलं जात असेल, तर ते चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडणारच.

या फिरण्यात काही गोष्टी डोळ्यांनी दिसतात, ज्या कुठल्याही बैठकीत कळत नाहीत. निरीक्षकाच्या हातात ओले हातमोजे असतात, टचस्क्रीन त्याला दाद देत नाही. शीतगृहात मोबाईलला रेंज नसते, बॅटरी झपाट्याने उतरते, आणि बाहेर येताच स्क्रीनवर दव साचतं. समोर कारखान्याचा मालक उभा असतो आणि निरीक्षकाला त्याच्याशी बोलता बोलता नोंद करायची असते. सतरा रकान्यांचा अर्ज तिथे कोणी भरत नाही. मग तो रात्री घरी बसून आठवणीवरून भरला जातो, आणि आठवणीवरून भरलेली वेळ व तापमान यांना पुरावा म्हणून फारशी किंमत उरत नाही.

पायरी २: ओळख क्रमांकांची घडी बसवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवं पोर्टल किंवा डॅशबोर्ड यांच्या मागे लागण्याआधी चार गोष्टींना पक्का ओळख क्रमांक आहे का ते बघा: आस्थापना, उत्पादन, खेप आणि नमुना.

आस्थापनेचा क्रमांक जागेला द्यायचा की मालकाला, हा पहिला पेच. मालक बदलतो, नाव बदलतं, जागा तीच राहते, आणि गटारातून येणारा जिवाणूही तोच राहतो. म्हणून जागेला एक कायमचा क्रमांक, परवानाधारकाला वेगळा, आणि दोघांना जोडणाऱ्या नोंदीवर कधीपासून कधीपर्यंत याच्या तारखा, अशी रचना करा. सुरुवातीला हे किचकट वाटतं. तीन वर्षांपूर्वी त्याच जागेत तोच दोष सापडला होता का, असा प्रश्न आला की या रचनेचं मोल कळतं.

उत्पादनाचं नाव मोकळ्या शब्दांत लिहू देऊ नका. 'दूध', 'गायीचं दूध', 'पाश्चराइज्ड दूध', 'दुध' ही संगणकाला चार वेगळी उत्पादनं वाटतात. जगात यासाठी तयार वर्गीकरणं आहेत. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं फूडएक्स२ त्यांपैकी एक. मूळ पदार्थाला एक संकेतांक, आणि त्यावर प्रक्रिया, वेष्टन वगैरेंचे पैलू जोडायचे, अशी त्याची मांडणी आहे. अन्नपदार्थात वापरायच्या मिश्रकांसाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकं ठरवणाऱ्या आयोगाची, आंतरराष्ट्रीय क्रमांक पद्धत आहे. घरचं वर्गीकरण पहिल्यापासून बनवायचा मोह होईल, तो टाळा. तयार वर्गीकरणावर स्थानिक नावांचा थर चढवता येतो. उलट दिशेने जाणं फार महाग पडतं.

नमुन्याच्या क्रमांकाला शेवटी एक पडताळणी अंक जोडा. बारकोडखालच्या जागतिक उत्पादन क्रमांकात शेवटचा अंक असाच असतो. आधीच्या अंकांवरून हिशेबाने काढलेला, त्यामुळे एखादा अंक चुकला की संगणक तिथेच अडवतो. हाताने क्रमांक टाकायची वेळ येतेच, तेव्हा हा एक अंक फार मोठी मदत करतो. क्रमांकात जिल्हा, वर्ष, पदार्थाचा प्रकार असं काहीबाही कोंबू नका. जिल्ह्याच्या सीमा बदलतात, पदार्थाचा प्रकार नंतर दुरुस्त होतो, क्रमांक मात्र बदलता येत नाही.

लेबलचा विषय कोणी आयटीचा मानत नाही. तो आयटीचाच आहे. साध्या थर्मल कागदावर शाई नसते, उष्णतेने अक्षर उमटतं, आणि तो कागद ऊन, घर्षण किंवा अल्कोहोल लागलं की फिका पडतो किंवा काळवंडतो. प्रयोगशाळेत अल्कोहोलने पुसापुशी सतत चालू असते. म्हणून रिबनने छापणारा प्रिंटर आणि फ्रीजरसाठीचा खास गोंद असलेली लेबलं घ्या. गोठलेल्या, दव धरलेल्या बाटलीवर लेबल चिकटत नाही, ते आधीच लावावं लागतं. आणि लेबल झाकणावर लावायचं नाही, बाटलीच्या अंगावर लावायचं. दोन बाटल्यांची झाकणं एकाच वेळी उघडली गेली, तर अदलाबदल व्हायला क्षण पुरतो.

पायरी ३: प्रयोगशाळेच्या आकड्यांचा स्वभाव ओळखा

प्रयोगशाळेतल्या माहिती प्रणालीला बहुतेक जण लिम्स म्हणतात. प्रयोगशाळांच्या सक्षमतेचं मानक आयएसओ/आयईसी १७०२५, २०१७ ची आवृत्ती, यात कलम ७.११ खास माहिती व्यवस्थापनाबद्दल आहे. प्रणाली वापरात आणण्याआधी ती नीट चालते याची पडताळणी करायची, आणि बदल केले तर ते अधिकृत करून, नोंदवून, पुन्हा पडताळून घ्यायचे, असं ते सांगतं. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी कंत्राटदाराने परस्पर टाकलेलं छोटंसं अपडेट हा इथे नियमभंग ठरू शकतो. हे कलम वाचून घ्या आणि प्रयोगशाळेच्या गुणवत्ता व्यवस्थापकाशी बसून त्यातल्या प्रत्येक अटीपुढे आपली स्थिती लिहा.

आता आकड्यांबद्दल. 'आढळले नाही' हा निकाल शून्य नसतो. त्याचा अर्थ एवढाच की या पद्धतीने जितकं कमीत कमी ओळखता येतं, त्याच्याही खाली आहे. डेटाबेसमध्ये तिथे ० लिहिलं की पुढे सरासरी काढणारा प्रत्येक जण फसतो, आणि रकाना रिकामा ठेवला तर चाचणी झालीच नाही असं दिसतं. म्हणून प्रत्येक निकालाबरोबर आकडा, त्याआधीचं 'पेक्षा कमी' वगैरे चिन्ह, पद्धतीची शोध-मर्यादा (कमीत कमी किती ओळखता येतं) आणि मापन-मर्यादा (कमीत कमी किती खात्रीने मोजता येतं), एकक, पद्धतीचा संकेतांक आणि अनिश्चितता हे वेगवेगळे रकाने हवेत. एकक कधीही गृहीत धरू नका. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे.

कायदेशीर मर्यादा प्रोग्रॅमच्या आत लिहून ठेवायच्या नाहीत. त्यांचा वेगळा तक्ता हवा. पदार्थ, घटक, मर्यादा, एकक, लागू झाल्याची तारीख आणि संपल्याची तारीख. दुधातल्या एम१ अफ्लाटॉक्सिनचं, म्हणजे बुरशीमुळे येणाऱ्या एका विषाचं, उदाहरण घ्या. कोडेक्सची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपीय संघाची ०.०५. दहापट फरक, आणि दिसायला एका शून्याचा. आयात-निर्यातीचा माल तपासणाऱ्या यंत्रणेला दोन्ही आकडे लागू शकतात. शिवाय नमुना ज्या दिवशी घेतला त्या दिवशीची मर्यादा त्याला लागू होते की अहवालाच्या दिवशीची, हे विधी विभागाकडून लेखी घ्या आणि तसाच नियम प्रणालीत बसवा.

एक्सेलबद्दल दोन शब्द. ते वापरू नका असं मी म्हणणार नाही, लोक वापरतातच आणि त्यांची कामं त्यामुळे होतात. पण दोन प्रणालींमधला पूल म्हणून ते कधीही चालवू नका. एक्सेल क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गाळतं, १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं, आणि काही संकेतांकांना तारीख समजून बदलतं. या शेवटच्या सवयीमुळे २०२० साली शास्त्रज्ञांनी काही मानवी जनुकांची नावंच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जवळपास १६,००० कोविड रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत. कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाईलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत आणि उरलेल्या ओळी गुपचूप गळाल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना सावध करायला उशीर झाला. साथीच्या काळात तुमच्या यंत्रणेत असं होऊ नये, एवढ्यासाठी प्रयोगशाळेची उपकरणं थेट लिम्सला जोडायचा खर्च मंजूर करून घ्या.

पायरी ४: प्रत्येक नोंद न्यायालयात जाईल असं धरून चाला

चुकलेली नोंद दुरुस्त करता आली पाहिजे, पण जुनी नोंद पुसली जाता कामा नये. कोणी, कधी, काय बदललं आणि कारण काय, हे चारही दिसायला हवं. आणि हा माग ज्यांच्या हाती डेटाबेसची किल्ली आहे त्यांनाही बदलता येऊ नये, त्यात तुम्ही स्वतःही आलात. त्यासाठी मागाची प्रत वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या माणसाच्या ताब्यात ठेवा.

सगळ्या यंत्रांची घड्याळं एका वेळ-सर्व्हरला जोडा. हे साधं काम मी अनेक ठिकाणी राहून गेलेलं पाहिलं आहे. नमुना सकाळी ११:४० ला घेतला आणि प्रयोगशाळेत ११:२५ ला पोचला असं कागदावर दिसलं, की बचाव पक्षाच्या वकिलाला दुसरं काही विचारायची गरजच राहत नाही. फोटोंच्या बाबतीत, फोटो काढला त्याच क्षणी त्याचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाईलवरून हिशेबाने काढलेला संकेत, नोंदीत ठेवा. पुढे कोणी फाईलला हात लावला तर ठसा जुळणार नाही.

सामायिक लॉगिन आजच बंद करा. 'लॅब१' नावाने पाच जण सही करत असतील, तर त्या सहीचा उपयोग शून्य.

पायरी ५: मैदानातलं ॲप रेंजशिवाय चाललं पाहिजे

ॲप आधी फोनमध्येच नोंद साठवेल आणि रेंज आल्यावर पाठवेल, अशी अट निविदेत पहिल्या पानावर लिहा. नमुन्याचे क्रमांक आधीच वाटून दिलेल्या गठ्ठ्यातून यावेत, म्हणजे दोन निरीक्षकांना एकच क्रमांक मिळणार नाही. फोन हरवला तर आतली माहिती कूटबद्ध असावी आणि दूरून पुसता यावी. ॲपची चाचणी कार्यालयात घेऊ नका. ती शीतगृहात, ओल्या हातमोज्यांनी, फ्लाइट मोडवर घ्या.

पायरी ६: साथीच्या दिवसाची तालीम करा

युरोपीय संघाचा २००२ चा अन्नविषयक मूळ कायदा, क्रमांक १७८/२००२, व्यावसायिकांना 'एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे' अशी नोंद ठेवायला सांगतो. माल कोणाकडून आला आणि कोणाला गेला. अमेरिकेच्या अन्न सुरक्षा आधुनिकीकरण कायद्याखालचा माग-नियम आणखी पुढे जातो. ठरावीक पदार्थांच्या बाबतीत, साथ किंवा माल परत बोलावण्यासारख्या प्रसंगी, अधिकाऱ्यांनी मागितल्यापासून २४ तासांत क्रमवारी लावता येईल अशा इलेक्ट्रॉनिक तक्त्यात माहिती द्यायची. या दोन्हींतून शिकण्यासारखं हे, की पाच पावलं मागे जायचं तर पाच वेगवेगळ्या व्यावसायिकांच्या नोंदी जोडाव्या लागतात, आणि त्या जोडायची जागा तुमची प्रणाली असते. ती माहिती पीडीएफ, हाताने लिहिलेल्या बिलाचा फोटो, कुठल्याही रूपात येईल. ती उतरवून घ्यायचा एकच साचा आधी तयार ठेवा. पुरवठादार, ग्राहक, उत्पादन, खेप क्रमांक, प्रमाण, एकक, पाठवल्याची आणि मिळाल्याची तारीख, एवढे रकाने पुरतात.

दर सहा महिन्यांनी एक खोटी साथ रचा. एखाद्या जुन्या नमुन्याचा क्रमांक द्या आणि घड्याळ लावा: हा माल कुठून आला, कुठे कुठे गेला, त्या ठिकाणी मागच्या तपासण्यांत काय सापडलं होतं, जबाबदार माणसांचे फोन क्रमांक चालू आहेत का. पहिल्या तालमीत बराच वेळ लागेल आणि अर्धे फोन लागणार नाहीत. ते लिहून काढा, तीच तुमची पुढच्या सहा महिन्यांची कामाची यादी.

बाहेरच्या जाळ्यांशीही ओळख करून घ्या. युरोपची जलद इशारा प्रणाली, रासफ, १९७९ पासून चालते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना मिळून चालवत असलेलं इन्फोसान हे जाळं २००४ पासून आहे, आणि त्यात प्रत्येक सदस्य देशाचा एक आपत्कालीन संपर्क बिंदू असतो. तुमच्या देशाचा तो बिंदू कुठल्या कार्यालयात आहे, रात्री आलेला इशारा कोणाच्या फोनवर वाजतो आणि तो माणूस रजेवर असेल तर कोणाच्या, हे विचारा. बऱ्याचदा उत्तर असतं एखादा ईमेल पत्ता, जो सोमवारी सकाळी उघडला जातो.

पायरी ७: जनुकीय माहितीसाठी जागा राखून ठेवा

अमेरिकेत १९९३ च्या ई. कोलाय साथीनंतर १९९६ मध्ये पल्सनेट हे प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं. रुग्णाच्या आणि अन्नाच्या नमुन्यातला जिवाणू एकच आहे का, हे ते जुळवतं, आणि आता त्यासाठी जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचला जातो. एका जिवाणूची कच्ची फाईल काहीशे एमबींची असू शकते, आणि ती जपून ठेवावी लागते. तेव्हा साठवणीचा हिशेब आजच्या पीडीएफ अहवालांवरून मांडू नका. आणि त्या फाईलला नमुन्याचा तोच क्रमांक हवा. क्रमांकाविना पडलेला जनुकसंच कुठल्या पदार्थातला, हे कोणालाच सांगता येत नाही.

पायरी ८: गुप्त काय आहे ते आधी ठरवा

सुरक्षेची चर्चा नेहमी पोर्टल हॅक होण्यावर सुरू होते. या यंत्रणेत त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे अचानक होणाऱ्या तपासण्यांचं वेळापत्रक. ते आदल्या दिवशी फुटलं की तपासणीला अर्थच उरत नाही. ते कोणाकोणाला दिसतं याची यादी काढा, आणि गरजेपुरती छोटी करा. दुसरं, तक्रारदाराचं नाव. आतल्या कामगाराने तक्रार केली असेल आणि त्याचं नाव नोटिशीच्या जोडपत्रात गेलं, तर त्याची नोकरी जाते आणि पुन्हा कोणी तक्रार करत नाही. तिसरं, कंपन्यांनी मंजुरीसाठी दिलेली उत्पादनाची घटकसूत्रं. प्रयोगशाळेतल्या विश्लेषकाला तर आस्थापनेचं नावही दिसू नये, फक्त नमुन्याचा क्रमांक दिसावा. त्याच्यावर दबाव येण्याचा एक रस्ता त्याने बंद होतो.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, आणि त्यातली एक नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली. दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून प्रत्यक्ष परत आणून बघा. २०२१ च्या मे महिन्यात खंडणीखोर सायबर हल्ल्यामुळे जेबीएस या जगातल्या अतिशय मोठ्या मांस कंपनीचे अनेक देशांतले कारखाने थांबले होते. असा हल्ला नियामक यंत्रणेवर झाला तर परवाने, प्रयोगशाळा, बंदरावरची मंजुरी सगळं एकदम थांबेल, आणि नाशवंत माल कोणासाठी थांबत नाही.

पायरी ९: कंत्राट वाचा, विशेषतः शेवटचं पान

माहितीची मालकी यंत्रणेची, हे वाक्य बहुतेक कंत्राटांत असतं. ती माहिती कुठल्या रूपात, किती दिवसांत, कोणत्या खर्चाने परत मिळेल, हे नसतं. ते लिहून घ्या. डेटाबेसचा आराखडा आणि रकान्यांचे अर्थ सांगणारा दस्तऐवज दर वर्षी तुमच्या हाती यायला हवा.

जुन्या प्रणालीतून नव्यात जाताना सगळी जुनी माहिती धुऊन-पुसून आणायचा हट्ट धरू नका. आस्थापना, चालू परवाने आणि उघडी प्रकरणं नीट तपासून आणा. बाकीचं वाचता येईल, शोधता येईल, पण बदलता येणार नाही अशा रूपात जपून ठेवा. आणि जुनी प्रणाली बंद करायच्या आधी दोन्ही काही आठवडे बरोबर चालवा. लोक दुहेरी कामाला कुरकुरतील, ती कुरकुर रास्त आहे. त्या आठवड्यांत त्यांच्यावरचा दुसरा भार कमी करून द्या.

पायरी १०: वीज आणि नेट गेल्यावरची पेटी

प्रत्येक कार्यालयात एक पेटी ठेवा. आधीच क्रमांक छापलेले कागदी अर्ज, त्याच क्रमांकांची लेबलं, पाण्याने न पुसणारं पेन, मोहोर लावायचं साहित्य, प्रयोगशाळा आणि वरिष्ठांचे फोन क्रमांक छापलेला कागद. अर्जांवरचे हे क्रमांक प्रणालीत 'कागदी' म्हणून राखून ठेवलेले असावेत, म्हणजे वीज आल्यावर नोंद त्याच क्रमांकाने आत जाईल आणि नवा क्रमांक पडणार नाही. कागदाचा फोटो नोंदीला जोडायचा आणि मूळ कागद फाईलला लावायचा. पेटीवर ती शेवटची कधी तपासली याची तारीख आणि तपासणाऱ्याची सही असावी, आणि पहिली सही तुमची असावी.